पासष्टी ओलांडली की उत्पन्नाची मर्यादा का बदलते?

प्रश्न : रंकाळा_वाचक

कोल्हापुरात आमच्या गल्लीत धुणीभांडी करणाऱ्या एका मावशींनी नुकतीच पासष्टी ओलांडली. तोपर्यंत त्यांना लाडकी बहीण योजनेचे दरमहा 1,500 रुपये मिळत होते आणि त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असणे पुरेसे होते. ती योजना पासष्टीपर्यंतच असल्याने आता निराधार वृद्धांना निवृत्तिवेतन देणाऱ्या राज्याच्या श्रावणबाळ योजनेसाठी त्या अर्ज करायला गेल्या, तेव्हा रक्कम तीच, पण उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21,000 रुपये असल्याचे त्यांना सांगण्यात आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला उत्पन्नाचा दाखला त्यांनी मला दाखवला. त्यावर 36,000 रुपये लिहिलेले आहेत.

विकसनशील देशांत सामाजिक धोरण तोकडे राहते ते पैशाअभावी, असे आपण शिकतो. येथे तिजोरी एकच आहे, बाई तीच आहे आणि रक्कमही तीच आहे. मग ही मर्यादा नेमकी कशाने ठरते?

उत्तर : करवीर_67

वर्षाला 21,000 म्हणजे संपूर्ण कुटुंबाचे दिवसाला 57 रुपये. या आकड्यात प्रामाणिकपणे बसणारे घर करवीर तालुक्यात शोधूनही सापडणार नाही, तरीही योजनेला लाभार्थी आहेतच. मला यातच उत्तर दिसते. अट इतकी कडक ठेवली की हक्क उरत नाही, मेहेरबानी उरते. दाखल्यावर कोणता आकडा लिहायचा, हे ज्याच्या शब्दाने ठरते त्याच्या दारात म्हाताऱ्या माणसाला जावे लागते. कडक मर्यादेने पैसा वाचतो हे खरे, पण तिने मध्यस्थही जगतो, आणि म्हणून ती बदलण्याची घाई कोणालाच नसते.

शिवाय निवृत्तिवेतन कमी करण्यासाठी कोणाला निर्णयही घ्यावा लागत नाही. केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेत 60 ते 79 वयाच्या व्यक्तीसाठी केंद्राचा वाटा दरमहा 200 रुपये आहे आणि तो दीड दशकाहून अधिक काळ तेवढाच आहे. कपातीचे काम महागाईच करते.

उत्तर : हातकणंगलेकर

यात युतीचा प्रश्न आहे, असे मी मानतो; पक्षांच्या नव्हे, तर योजनेमागे एकत्र उभ्या राहणाऱ्या वेगवेगळ्या गटांच्या युतीचा. आपल्या रोजगार हमी योजनेचे उदाहरण घ्या. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने तिचा पहिला प्रयोग 1965 मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यात विसापूरला झाला, 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली आणि 1977 चा कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. काम मागणाऱ्या मजुरांच्या एकट्याच्या बळावर ती टिकली असती, असे मला वाटत नाही. बंधारे, पाझर तलाव आणि रस्त्यांचा फायदा जमीनदार शेतकऱ्यालाही होत होता, 1990 पासून फळबागा थेट खाजगी जमिनीवर आल्या, आणि दुष्काळी लोंढे मुंबईवर येऊ नयेत असे शहरी करदात्यालाही वाटत होते. नोकरदारांच्या पगारपत्रकात दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापला जाणारा व्यवसाय कर 1975 मध्ये याच योजनेच्या खर्चासाठी आला. ज्याच्या खिशातून पैसे जायचे त्यालाही योजनेत आपले काही दिसत होते, म्हणून ती चालली.

निराधार वृद्धांच्या बाजूने अशी युती नाही. लाडकी बहीण योजनेच्या मागे 2024 मध्येच दोन कोटींहून अधिक लाभार्थी होते आणि पहिले हप्ते ऑगस्ट 2024 मध्ये, म्हणजे विधानसभा निवडणुकीच्या तीन महिने आधी, खात्यात आले. मावशींच्या दोन मर्यादांमधले अंतर या संख्येने आणि वेळेने पडले आहे.

उत्तर : शाहूपुरी_ग्रंथालय

हे मला पूर्ण पटत नाही. युतीने योजना टिकते, पण ती गरिबांसाठीच टिकेल याची हमी नसते. 1988 मध्ये रोजगार हमीची मजुरी किमान वेतनाला जोडली गेली आणि ती जवळपास दुप्पट झाली. त्या प्रमाणात पैसा वाढला नाही, त्यामुळे कामेच कमी निघू लागली. कायद्यातला हक्क शाबूत होता, आटला तो जागेवरचा हजेरीपट.

म्हणून केवळ युतीवर न थांबता नियमांकडेही पाहावे. मेक्सिकोने 1997 मध्ये मातांच्या हाती रोख रक्कम देणारी ‘प्रोग्रेसा’ योजना सुरू केली, तेव्हा ती कोणत्याही पक्षाची नाही, हे लाभार्थ्यांना लेखी कळवण्याचे बंधन घातले होते. सरकारे बदलली, योजनेचे नाव दोनदा बदलले, तरी ती 2019 पर्यंत चालली. आपल्याकडेही शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, ते सर्वांना लागू केले. कोण किती गरीब, याचा दाखला त्यांनी मागितला नाही. संस्थानात मतपेटी नव्हती हे मान्य, पण दाखला न मागण्यासाठी मतपेटी असण्या-नसण्याचा संबंध नाही.

रंकाळा_वाचक

आपणा सर्वांचा आभारी आहे. लाडकी बहीण योजनेची अडीच लाखांची मर्यादा पासष्टीनंतरही तशीच पुढे चालू ठेवावी, एवढीच मागणी लिहून मी आमच्या प्रभागातील पासष्टीजवळ आलेल्या स्त्रियांच्या सह्या घेणार आहे. त्या अजून लाडक्या बहिणींमध्ये मोजल्या जातात, तोवरच त्यांचे ऐकले जाईल असे मला वाटते. पहिली सही मावशींच्या धाकट्या जावेची आहे. त्यांना पासष्टीला अजून चौदा महिने आहेत.