मॅकग्रेगर घराणे मधेच कँपबेल कसे झाले?

डिचोलीकर: स्कॉटलंडच्या एका वंशावळीत १७०० च्या सुमारास मॅकग्रेगर गायब होतात नि त्याच गावात कँपबेल दिसतात. घराणे एकच का?

म्हापसेकर: असू शकते. मॅक म्हणजे गेलिक भाषेत पुत्र. मॅकग्रेगरांचा मूळ प्रदेश अर्गाइलमधला ग्लेन ऑर्की. १६०३ मध्ये ग्लेन फ्रूइनच्या लढाईनंतर हे आडनाव लावणेच गुन्हा ठरले, शिक्षा थेट देहदंडाची! १६६१ ला बंदी उठली, १६९३ ला परत आली, १७७४ मध्ये कायमची संपली. तोवर लोक मरे, ग्रँट, ड्रमंड, कँपबेल म्हणून जगले. प्रसिद्ध बंडखोर रॉब रॉय मॅकग्रेगरनेही आईचे कँपबेल आडनाव लावले होते.

फोंडेकर: पण म्हणून प्रत्येक कँपबेल मॅकग्रेगर ठरत नाही, इथेच घोटाळा होतो. १८५५ मध्ये सरकारी नोंदणी सुरू झाली, तिथून मागे जा. मृत्यूच्या दाखल्यावर आईचे माहेरचे आडनावही मिळते. त्याआधी चर्चच्या वह्या. 'मॅक' तिथे आखूड करूनही लिहितात, सगळी रूपे तपासा. आपल्या गोव्यात बाप्तिस्म्याने आडनाव बदलले तरी कोमुनिदादीतला, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या संस्थेतला, वांगड (मूळ कुळ) ओळख सांगतो. स्कॉटलंडमध्ये मात्र गाव, शेत आणि बाप्तिस्म्याचे साक्षीदार जुळवावे लागतात.

डिचोलीकर: साक्षीदार पाहिलेच नव्हते. देव बरें करूं!