रिकामा टूबीएचके विकण्याआधी सजवावा का?

वनाज_कॉर्नर:
कोथरूडमधला टूबीएचके आहे, तिसरा मजला, कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) 640 चौरस फूट, इमारत 2001 ची. वर्षभर बंद आहे, सामान सगळं हलवलंय. एक एजंट म्हणतो, दोन महिने फर्निचर भाड्याने आणा, पडदे लावा, भाव वाढेल. दुसरा म्हणतो, नुसता रंग मारा. बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत खालून फुगली आहे. खर्चाची तयारी दीड लाखापर्यंत. पैसा कुठे घालावा?

लांबी_आणि_रंग:
आधी ती फुगलेली भिंत. वरून रंग मारलात तर पुढच्या पावसाळ्याच्या आत पोपडे येणार. ओल भिंतीतले क्षार घेऊन बाहेर येते, पाणी उडून जातं आणि मागे उरलेला खार रंगाला आतून ढकलतो. शिवाय घर बघायला आलेली जाणती माणसं बाथरूमच्या मागच्या भिंतीवरून हात फिरवतातच. ताजा रंग आणि खाली गारवा सापडला की बाकी घरावरचाही विश्वास जातो.

घर वर्षभर बंद आहे हे तपासणीला सोयीचं. साधारण एक फुटाचा प्लॅस्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेपने भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. आतून थेंब जमले तर पाणी अजून येतंय. मग संशय दाबाखालच्या लपवलेल्या पाइपवर, वरच्या मजल्याच्या बाथरूमवर किंवा बाहेरच्या भिंतीच्या भेगेवर. कोरडं राहिलं तर बहुधा जुनी ओल: वापर चालू असताना फरशीच्या सांध्यांतून आणि नहाणीच्या (पाणी जायच्या जाळीच्या) कडेने झिरपलेली. तसं असेल तर सांधे खरवडून एपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचा पाणी न शोषणारा मसाला) भरा, नहाणीच्या भोवतीचं सील नवं करा, आणि मग दोन दिवस बाथरूममध्ये भरपूर पाणी ओतून भिंत पुन्हा बघा.

भिंतीचा सैल गिलावा ओलीच्या खुणेच्या फूटभर वरपर्यंत काढा. खार कोरड्या ब्रशने झाडा, धुऊ नका. धुतला की विरघळून परत आत जातो. वॉटरप्रूफिंग कंपाउंड घातलेला गिलावा करा, सात दिवस पाणी मारा, नंतर तीन-चार आठवडे वाळू द्या. घाई होते ती इथेच, आणि काम फसतं तेही इथेच. मग लांबीचे (पुट्टीचे) दोन हात, पॉलिश पेपर, प्रायमर, इमल्शन रंगाचे दोन हात.

640 कार्पेटला भिंती आणि छत मिळून साधारण 2000 ते 2200 चौरस फूट रंगकाम निघतं. दोन हातांना 20 लिटरची एक बादली जवळपास पुरते. सगळीकडे एकच ऑफ-व्हाइट, छत पांढरं. खिळ्यांची भोकं बुजवून तेवढ्यावरच रंग लावला तर ठिगळ दिसतं. भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रंगवा.

कार्पेट_मोजणारा:
भावाबद्दल स्पष्ट सांगतो. बँकेचा व्हॅल्युअर (कर्जासाठी घराची किंमत ठरवणारा) सोफा आणि पडदे मोजत नाही. तो बघतो कार्पेट, मंजूर नकाशा, इमारतीचं वय आणि आसपासचे व्यवहार. सजावटीच्या जोरावर भाव वर नेलात तरी कर्ज त्या प्रमाणात वाढत नाही, वरची रक्कम खरेदीदाराला खिशातून भरावी लागते आणि सौदा तिथे अडतो. सजावटीचा खरा उपयोग म्हणजे माणूस दुसऱ्यांदा बघायला येतो आणि पाडून मागायला त्याच्याकडे कारणं कमी उरतात.

रिकामी खोली लहान वाटते आणि त्यात काय मावेल याचा अंदाज येत नाही. म्हणून फक्त हॉल आणि मोठी बेडरूम मांडा. 10 बाय 11 च्या खोलीत 5 फूट रुंद पलंग ठेवला की दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट उरतं आणि खोली मोठी दिसते. 6 फुटी ठेवलात तर दोनच फूट उरतं. हॉलमध्ये तीन जणांचा सोफा, चार खुर्च्यांचं लहान टेबल, बस्स. दुसऱ्या बेडरूमसाठी मापं लिहिलेला नकाशा छापून हातात द्या. नवं मॉड्युलर किचन मात्र करू नका. घेणारा आपल्या आवडीने ते तोडणारच असतो, तुमचा पैसा वसूल होत नाही. ओट्याखालच्या ट्रॉल्यांचे चॅनेल (सरकपट्ट्या) बदला, नळांचे क्षार सायट्रिक अ‍ॅसिडने काढा.

बाल्कनी हॉलमध्ये घेतली असेल तर ते आधीच सांगा. मंजूर नकाशाशी जुळत नसलेली जागा बँकेच्या तपासणीत हमखास निघते.

वनाज_कॉर्नर:
प्लॅस्टिक लावून पाहिलं, थेंब नाहीत, नुसती पांढरी भुकटी. पण दार उघडलं की गटाराचा वास येतो. फिनाइलनेही जात नाही. आणि फोटो कधी काढावेत?

लांबी_आणि_रंग:
वास नहाणी ट्रॅपचा, म्हणजे जाळीखालच्या पाणी साठणाऱ्या भागाचा. ट्रॅपमध्ये साठलेलं पाणी गटाराची हवा अडवतं. घर बंद राहिलं की ते उडून जातं. प्रत्येक नहाणीत, बेसिनमध्ये, सिंकमध्ये दोन तांबे पाणी ओता, वर चमचाभर खाद्यतेल सोडा म्हणजे ते लवकर आटत नाही. कमोडलाही एकदा फ्लश करा. घर विकेपर्यंत दर आठवड्याला हे करायचं. अगरबत्ती किंवा सुगंधी फवारा नको, लोकांना काहीतरी लपवताय असं वाटतं. गीझरच्या गरम नळाला धार आल्याशिवाय त्याचं बटण लावू नका, रिकाम्या टाकीत कॉइल जळते.

कार्पेट_मोजणारा:
फोटो दिवसा, सगळे दिवे लावून. सगळीकडे 4000 केल्व्हिनचे (फार पिवळे नाहीत, फार निळसर नाहीत असे) एलईडी घाला. एका खोलीत पिवळा, दुसरीत निळसर असेल तर रंगही वेगवेगळे दिसतात. मोबाइल आडवा, छातीच्या उंचीवर, खोलीच्या कोपऱ्यातून. 0.5 ची वाइड लेन्स टाळा. फोटोत खोली ऐसपैस दिसते आणि प्रत्यक्षात आलेला माणूस दारातच हिरमुसतो.

गिलावा वाळेपर्यंत कागद जमवा: मूळ नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू (नोंदणीचा सरकारी उतारा), शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला), भोगवटा पत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला), सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला, मिळकत कराची पावती. किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर खरेदीदार 1 टक्का टीडीएस (तुमच्या नावावर आधीच भरायचा प्राप्तिकर) कापेल, तो हिशेबात धरा. रंगाचा आणि भाड्याच्या फर्निचरचा खर्च भांडवली नफ्यातून सहसा वजा मिळत नाही, एजंटला दिलेलं कमिशन मात्र वजा मिळतं. त्याची पावती घ्या.

आणि फर्निचरचं भाडं पितृपक्षात चालू करू नका. त्या पंधरवड्यात बरेच जण टोकन (बयाणा) देत नाहीत, घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत मात्र फोन वाढतात.