मनगटाएवढ्या जाड फांदीचे बोन्साय: गुटी बांधावी की छाट लावावी?

प्रश्न (जुळे सोलापूर)

आमच्या अंगणातील जुन्या डाळिंबाची मनगटाएवढी फांदी बांधकामामुळे दिवाळीपर्यंत काढावी लागणार आहे. तिला बुंध्यापाशी सुरेख वळण असल्यामुळे तिचे बोन्साय व्हावे, अशी मनापासून इच्छा आहे. गेल्या मार्चमध्ये जेमतेम एक सेंटिमीटर साल काढून गुटी (साल काढलेल्या जागी ओले शेवाळ गुंडाळून फांदीला झाडावरच मुळे फोडण्याची पद्धत) बांधली होती. दोन महिन्यांनी सोडली, तेव्हा शेवाळ पूर्ण वाळलेले होते आणि जखम पुन्हा सालीने जुळून आली होती. आता पुन्हा गुटी बांधावी, की फांदी कापून छाट लावावी? शेजाऱ्यांकडे वडाचीही तेवढीच जाड फांदी मिळण्यासारखी आहे.

उत्तर (सांगोला)

डाळिंबाला गुटीच बांधावी. आमच्याकडे भगवा या डाळिंबाच्या जातीची रोपे गुटीनेच करतात. फरक एवढाच की ती पेन्सिलीएवढ्या फांदीवर बांधतात, त्यामुळे तिथले माप तुमच्या फांदीला पुरत नाही. साल काढलेल्या पट्ट्याची रुंदी फांदीच्या जाडीच्या दीडपट ठेवावी, म्हणजे 4 सेंटिमीटर फांदीला 6 सेंटिमीटर. साल काढल्यावर लाकडावर जो बुळबुळीत थर राहतो, तो चाकूने पूर्ण खरवडावा, कारण नवी साल तोच तयार करतो आणि तुमची जखम जुळली ती त्यामुळेच. पानांत तयार झालेले अन्न सालीतून खाली येताना पट्ट्याच्या वरच्या काठाशी अडते आणि मुळे तिथेच फुटतात, तर पाणी लाकडातून वर चढत राहिल्याने फांदी जिवंत राहते. म्हणून मुळे फुटण्यासाठीच्या हार्मोनची पूड वरच्या काठालाच लावावी आणि तो काप फांदीभोवती नीट गोल घ्यावा. मुळे चहूबाजूंनी सारखी पसरली, तरच बोन्सायचा बुंधा शोभतो. झाडावर तेल्या (डाळिंबाचा जिवाणूजन्य रोग) असेल तर मात्र ही फांदी घेऊ नये.

उत्तर (होटगी रस्ता)

वरील माहितीला मी वेळेची जोड देतो. मार्चमध्ये बांधलेली गुटी आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात सापडते. जूनचा पहिला चांगला पाऊस झाल्यावर बांधावी. शेवाळ भिजवून घट्ट पिळावे, त्यावर प्लास्टिक आवळून बांधावे आणि ऊन लागू नये म्हणून बाहेरून गोणपाट गुंडाळावे. पावसात खंड पडला, तर इंजेक्शनच्या सिरिंजने आत थोडे पाणी सोडावे. जाड फांदीला दोन ते तीन महिने सहज लागतात, त्यामुळे घाईने सोडून पाहू नये.

वडाला एवढा खटाटोप लागत नाही. त्याची मनगटाएवढी छाटही रुजते. चीक थांबेपर्यंत ती सावलीत ठेवावी, वरच्या कापाला मेण लावावे आणि जाड वाळूत पुरून हलणार नाही अशी बांधावी.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचा मनःपूर्वक आभारी आहे. मुळे दिसू लागल्यावर फांदी लगेच कापावी का?

उत्तर (सांगोला)

पहिली पांढरी मुळे फार नाजूक असतात. ती तपकिरी होऊन त्यांना फाटे फुटल्यावरच पट्ट्याच्या खाली कापावे, निम्मी पाने काढावीत, शेवाळ ओढून न सोडवता तसेच कुंडीत लावावे आणि महिनाभर सावलीत ठेवावे. तार गुंडाळून आकार देणे पुढच्या वर्षी.