संख्याशास्त्र विभागाच्या पाटीवर ‘विदा विज्ञान’ यावं का?

धागालेखिका

पुढच्या महिन्यात आमच्या अभ्यासमंडळापुढे एक प्रस्ताव येतोय. ‘संख्याशास्त्र विभाग’ हे नाव बदलून ‘संख्याशास्त्र आणि विदा विज्ञान विभाग’ करायचं. विदा म्हणजे डेटा, विदा विज्ञान म्हणजे डेटा सायन्स. मसुदा मीच लिहिलाय, तेव्हा माझं मत काय ते उघड आहे. पण बैठकीत असले विषय दहा मिनिटांत उरकतात, म्हणून इथे सविस्तर मांडते. विरोध असेल तर तो मला आधी ऐकायचाय.

मी अठरा वर्षं हा विषय शिकवतेय. सुरुवातीला प्रात्यक्षिक म्हणजे कॅल्क्युलेटर, सारण्यांचं पुस्तक आणि फळ्यावर लिहून दिलेली पंचवीस-तीस निरीक्षणं. आज त्याच तासाला मुलं लाखभर ओळींची फाइल उघडतात. गेल्या सत्रात एका गटाला रुग्णांच्या वयाची सरासरी काढायची होती. ती आली १३१ वर्षं. तिघंही सूत्र पुन्हापुन्हा तपासत बसली. सूत्र बरोबरच होतं. ज्याचं वय नोंदवलेलं नाही तिथे कुणीतरी ९९९ भरून ठेवलं होतं आणि शंभरातल्या नऊ ओळी तशा होत्या. मी ठरवून आणलेला धडा तसाच राहिला. त्या दोन तासांत आम्ही एवढंच बोललो की नोंद का गळते, कुणाची गळते, गळलेल्या जागी काय भरावं आणि काय भरू नये. मुलं त्या दिवशी जितकी जागी होती तितकी मी त्यांना क्वचितच पाहिलीत. आणि अभ्यासक्रमात या सगळ्याला किती जागा? दीड ओळ.

विषय वाढलाय आणि नाव मागे राहिलंय, असं माझं म्हणणं आहे. येल आणि कार्नेगी मेलन या दोन्ही विद्यापीठांनी २०१७ मध्ये आपल्या संख्याशास्त्र विभागांच्या नावात डेटा सायन्स जोडलं. त्याआधीचं उदाहरण एमआयटीचं. तिथल्या विद्युत अभियांत्रिकी विभागाने १९७५ मध्ये नावात संगणकशास्त्र जोडून घेतलं. जुनं पुसलं नाही, शेजारी नवं लिहिलं. मीही तेवढंच मागतेय.

निवृत्त प्राध्यापक

मॅडम, ९९९ चा प्रसंग वाचून आनंद झाला. पण त्यावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला उलटा वाटतो. गळलेल्या नोंदींचा विचार हा अस्सल संख्याशास्त्राचा विचार आहे. तो दीड ओळीत कोंबला असेल तर दोष अभ्यासक्रमाचा. अभ्यासक्रम दुरुस्त करा, त्यासाठी पाटी कशाला बदलायची?

विद्यार्थ्यांना मी दरवर्षी १९३६ ची गोष्ट सांगत असे. अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. त्यातल्या जवळपास २४ लाख भरून परत आल्या. एवढ्या प्रचंड संख्येच्या जोरावर त्यांनी लँडन जिंकणार असं छापलं, आणि रूझवेल्ट साठ टक्क्यांहून जास्त मतं घेऊन निवडून आले. जॉर्ज गॅलप यांनी सुमारे पन्नास हजारांच्या नमुन्यावरून निकाल बरोबर सांगितला होता. साप्ताहिकाने नावं घेतली होती टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांमधून. मंदीच्या त्या वर्षांत टेलिफोन आणि मोटार कुणाकडे असणार? शिवाय पत्रिका भरून पाठवणारे आणि न पाठवणारे सारखे नसतात, तेही नडलं. विदा डोंगराएवढा होता. नमुना कसा निवडायचा ही जाण नव्हती, आणि ती जाण देणाऱ्या विषयाचं नाव संख्याशास्त्र आहे. शेजारी दुसरं नाव लावलंत की वाचणाऱ्याला वाटतं, ‘विदा’चं काम त्या दुसऱ्या नावाकडे आणि संख्याशास्त्राकडे फक्त जुनी सूत्रं.

आणखी एक. नाव बदलण्याची मागणी नवी नाही. संख्याशास्त्रज्ञ जेफ वू यांनी १९९७ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या व्याख्यानात संख्याशास्त्रालाच डेटा सायन्स म्हणावं असं सुचवलं होतं. मिशिगनमधल्या त्या विभागाचं नाव आजही संख्याशास्त्र विभागच आहे. स्टॅनफर्डचंही तेच. त्यांचं कुठे अडलंय?

माजी विद्यार्थिनी, सध्या एका वित्तसंस्थेत

सर, त्यांचं अडत नाही कारण ते स्टॅनफर्ड आहेत. नाव अडतं ते आमच्यासारख्यांचं.

एम.एस्सी. झाल्यावर माझी पहिली मुलाखत होती. समोरच्या गृहस्थांनी गुणपत्रिका हातात घेतली, वरून खाली बोट फिरवलं आणि विचारलं, “डेटा सायन्समधलं काही केलंय का?” त्यांचं बोट ‘बहुचर विश्लेषण’ या ओळीवर होतं. मी सांगायचा प्रयत्न केला की वर्गीकरण, घटक विश्लेषण हे सगळं त्या एका पेपरात येतं. त्यांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला. ती नोकरी मिळाली नाही. ज्यांना मिळाली त्यांच्यातल्या एकाने सहा महिन्यांचा ‘डेटा सायन्स’ अभ्यासक्रम केला होता.

आता मी पलीकडच्या खुर्चीत बसते. मागच्या वर्षी एका नव्या सहकाऱ्याने मोठ्या उत्साहाने त्याचं मॉडेल दाखवलं, ९६ टक्के अचूक. मी विचारलं, हजार कर्जदारांत बुडवणारे किती? चाळीस. आणि मॉडेलने किती पकडले? एकही नाही. सगळ्यांना ते ‘फेडणार’ असंच सांगत होतं! मुलगा हुशार आहे, मेहनती आहे. त्याला हा प्रश्न विचारायला कुणी शिकवलंच नव्हतं.

म्हणून मी नाव बदलण्याच्या बाजूने आहे. ज्यांना हा प्रश्न विचारता येतो त्यांनी ‘विदा विज्ञान’ हे नाव दुसऱ्यांसाठी मोकळं सोडलं, तर मुलं तिकडेच जाणार. बारावीनंतरच्या मुलाला पाटी वाचूनच ठरवावं लागतं, अभ्यासक्रमाची पुस्तिका त्याच्या हातात नंतर पडते.

संगणकशास्त्र विभागातून

मी शेजारच्या विभागातला, त्यामुळे हितसंबंध आहेत हे आधीच सांगतो. विरोध मात्र मनापासून आहे.

‘डेटा सायन्स’ ही एका विभागाची मालमत्ता नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१५ मध्ये काढलेल्या निवेदनात या क्षेत्राचे तीन आधार सांगितले आहेत: विदासंचांचं व्यवस्थापन, संख्याशास्त्र व यंत्र-शिक्षण (मशीन लर्निंग), आणि अनेक संगणकांवर वाटून काम करणाऱ्या प्रणाली. हे संख्याशास्त्रज्ञांच्याच संघटनेचं म्हणणं आहे. मॅडम, तुमच्या विभागात यातला मधला आधार भक्कम आहे. पहिला थोडाफार. तिसरा शिकवणारं कुणी आहे का? पाटीवर तिन्हींचं नाव आणि वर्गात दीड, ही मुलांची फसवणूक होईल.

आणि शब्दाच्या जन्माचं म्हणाल तर डॅनिश संगणकतज्ज्ञ पीटर नाउर यांनी १९७४ च्या पुस्तकात ‘डेटा सायन्स’ वापरलाय. संगणकशास्त्राला ‘डेटालॉजी’ म्हणावं असा त्यांचा आग्रह होता आणि कोपनहेगन विद्यापीठाच्या संगणक विभागाच्या डॅनिश नावात तो शब्द अजून आहे. उद्या आम्ही तेच नाव मागितलं तर? दोन विभागांचं मिळून एखादं केंद्र काढा, त्याला हवं ते नाव द्या. तिथे मी स्वतः शिकवायला येईन.

धागालेखिका

तिसरा आधार शिकवणारं आमच्याकडे कुणी नाही. हा मुद्दा मी कबूल करते, आणि मसुदा लिहिताना तो मी टाळला होता हेही.

केंद्राबद्दल मात्र माझा अनुभव वाईट आहे. संयुक्त केंद्राला स्वतःची पदं नसतात, खोली नसते, आणि जो उत्साहाने चालवतो त्याची बदली झाली की दाराला कुलूप लागतं. असं एक केंद्र माझ्या डोळ्यांसमोर बंद पडलंय. संगणक तसेच धूळ खात राहिले. विभागाला मुळं असतात.

सरांना एक विचारते. लंडनची स्टॅटिस्टिकल सोसायटी १८३४ मध्ये स्थापन झाली तेव्हा तिच्या चिन्हात गव्हाची पेंढी होती आणि लॅटिन बोधवाक्याचा अर्थ होता, मळणी दुसऱ्यांनी करावी. म्हणजे आम्ही फक्त आकडे गोळा करू, अर्थ तुम्ही काढा. १८५७ मध्ये ते वाक्य त्यांनी काढून टाकलं, कारण मळणी केल्याशिवाय राहवेना. विषय वाढला तेव्हा आपल्याच पूर्वसुरींनी आपली ओळख बदलली ना?

निवृत्त प्राध्यापक

बदलली, आणि कशी बदलली ते पाहा. बोधवाक्य गेलं, काम बदललं, नाव तेच राहिलं. १८८७ मध्ये त्याच्या आधी ‘रॉयल’ लागलं एवढंच. मळणीला उतरले तरी त्यांनी स्वतःला दुसरं काही म्हणवून घेतलं नाही, उलट ‘स्टॅटिस्टिक्स’ या शब्दाचाच अर्थ मोठा केला. तो शब्द मुळात ‘स्टेट’वरून आलेला, राज्यकारभाराच्या माहितीसाठी. शेतीचे प्रयोग, औषधांच्या चाचण्या, कारखान्यातला माल, सगळं त्याने पोटात घेतलं. संख्याशास्त्रज्ञ फिशर १९१९ मध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात गेले आणि खतांच्या प्रयोगांच्या जुन्या नोंदी उपसत बसले, तेव्हा ते विदा विज्ञानच करत होते. शब्द अजून फाटलेला नाही.

तरी माजी विद्यार्थिनीचा मुलाखतीचा अनुभव मला रात्री आठवत राहिला. ती गुणपत्रिका ज्या अभ्यासक्रमाची होती तसल्याच अभ्यासक्रमावर मी वर्षानुवर्षं सह्या केल्यात. ‘बहुचर विश्लेषण’ या दोन शब्दांत काय काय भरलंय हे बाहेरच्याला कळावं असं आम्हाला कधी सुचलं नाही. पेपरांची नावं तरी बदलायलाच हवीत.

भाषेच्या बाजूने

थोडं शब्दांबद्दल. ‘विदा’ हा शब्द विद् म्हणजे जाणणे या धातूशी नातं सांगतो. छोटा आहे, समास चांगले होतात: विदासंच, विदागार. ‘आधारसामग्री’पेक्षा तोंडात कितीतरी सहज बसतो. निरोपाच्या ‘विदा’शी गोंधळ होतो ही तक्रार मला फारशी पटत नाही, संदर्भाने कळतं.

पण ‘संख्या’ शब्दाकडेही नीट पाहा. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांनी १९३३ मध्ये नियतकालिक सुरू केलं तेव्हा ‘संख्या’ हे नाव मुद्दाम निवडलं. त्यांनी लिहिलं होतं की या जुन्या शब्दात आकडा आणि नेमकं ज्ञान हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. म्हणजे जे ‘विदा विज्ञान’ जोडून मिळवायचंय ते ‘संख्याशास्त्र’ या शब्दात आहेच. तो अर्थ आपण शिकवायचा सोडला आणि शब्द आकडेमोडीपुरता आखडला. मी तटस्थ आहे, पण नाव बदललंत तरी ‘संख्याशास्त्र’ पहिलं राहू द्या.

एम.एस्सी., दुसरं वर्ष

सगळं वाचलं. आमच्या वर्गात यावर रोज बोलणं होतं, म्हणून लिहितेय.

नाव बदललं तर आमच्या पदवीवर काय येणार? विभागाचं नाव वेगळं आणि पदवीचं नाव वेगळं, हे आमच्यातल्या निम्म्यांना माहीतच नव्हतं. मागच्या आठवड्यात कार्यालयात जाऊन विचारलं तेव्हा कळलं की पदवी ‘संख्याशास्त्र’चीच राहणार. म्हणजे पाटी बदलली तरी मुलाखतीत ताईंना विचारला तोच प्रश्न आम्हाला विचारणार. उलट पदवीचं नाव बदललं तर ज्या जाहिरातीत ‘संख्याशास्त्रातील पदवी’ अशी अट असते तिथे अर्ज बाद होईल का, ही भीती. दोन्हीकडून आम्हीच.

माझं मागणं छोटं आहे. विदासंच हाताळायचा एक पूर्ण पेपर द्या, प्रयोगशाळेसह. सध्या आम्ही ते रात्री व्हिडिओ पाहून शिकतो आणि कुठे चुकलो ते सांगायला कुणी नसतं. ९९९ आमच्याच गटात निघाला होता. मॅडमनी ते दोन तास दिले नसते तर आम्ही १३१ चं १३०.६ करून लिहून टाकलं असतं.

धागालेखिका

हिचं वाचून मसुदा पुन्हा उघडला.

प्रस्ताव मागे घेणार नाही. नाव बदलावं असं मला आजही वाटतं, आणि सरांशी त्याबाबत माझा मतभेद कायम आहे. मुलं पाटी वाचून येतात हे खरं आहे आणि ती यावीत असं मला वाटतं. पण क्रम चुकला होता. मसुद्यात नावाचा ठराव पहिला होता आणि अभ्यासक्रम ‘यथावकाश’. आता पहिलं कलम दोन नव्या पेपरांचं. विदासंच हाताळणी आमच्याकडे, आणि वाटून चालणाऱ्या प्रणालींचा पेपर शेजारच्या विभागाने शिकवायचा, तिथल्या शिक्षकाचा तास रीतसर त्यांच्या कार्यभारात धरून. दुसरं कलम, जुन्या पेपरांची नावं आणि त्यांचं वर्णन गुणपत्रिकेसोबत छापायचं. हे दोन्ही पेपर एक वर्ष प्रत्यक्ष शिकवून झाले की नावाचा ठराव. पदवीचं नाव तेच राहील, हे ठळक अक्षरांत.

सर, बैठकीला बाहेरचे तज्ज्ञ म्हणून याल का? नावाच्या ठरावाला विरोध नोंदवा, पण पहिल्या दोन कलमांना तुमचं वजन हवंय.

निवृत्त प्राध्यापक

येतो. विरोध लेखी देईन. आणि ९९९ चा प्रसंग मसुद्यात पहिल्या पानावर घाला, मंडळातल्या गणितवाल्यांना तो लगेच कळेल.