मदत हवी आहे: उंच इमारतीला नकार नाही, पण परवडणारी घरं खरंच व्हावीत. हरकत कशी लिहावी?

नमस्कार मंडळी,

आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो, पौड रोडपासून जरा आत. चार मजली जुन्या सोसायट्या, अरुंद रस्ता, दोन्ही कडांना लावलेल्या गाड्या. आमच्या मागचा मोठा प्लॉट विकास आराखड्यात सार्वजनिक-निमसार्वजनिक वापरासाठी दाखवलेला आहे. तो निवासी करण्यासाठी एमआरटीपी कायद्याच्या (राज्याच्या नगररचना कायद्याच्या) कलम 37 खाली फेरबदलाची सूचना निघाली आहे. हरकती-सूचनांना महिनाभराची मुदत असते आणि त्यातले बरेच दिवस गेले. फेरबदलाचं कारण दिलंय परवडणाऱ्या घरांचं.

सोसायटीच्या सभेत लगेच दोन तट पडले. एक काका म्हणाले, "कसली कसली माणसं येतील, आपल्या फ्लॅटचे भाव पडतील." मला ते फार लागलं. आपल्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या ताई केळेवाडी, सुतारदरा या जवळच्या वस्त्यांतून येतात. दवाखान्यातल्या नर्स धायरी-नऱ्ह्याहून दोन बस बदलून येतात. त्यांना मेट्रोजवळ घर मिळालं तर त्यात वाईट काय? म्हणून असल्या हरकतीवर मी सही करणार नाही. पण पाण्याचं काय, अग्निशमनाची गाडी आत कशी वळणार, हे विचारणाऱ्यांचं मला पटतं. उन्हाळ्यात आमच्याकडे आत्ताच टँकर लागतात.

माझी खरी अडचण वेगळी आहे. मेट्रो स्टेशनपासून 500 मीटरच्या आत रस्त्याची रुंदी आणि प्लॉटचा आकार बघून एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) 4 पर्यंत जाऊ शकतो. 2020 च्या एकत्रित नियमावलीत (यूडीसीपीआर) 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर अल्प उत्पन्न गटासाठी 30 ते 50 चौरस मीटरची घरं बांधणं बंधनकारक आहे. प्रमाण 20 टक्के. ऐकायला छान. पण हे 20 टक्के मूळ एफएसआयवर मोजतात, एकूण बांधकामावर नाही, असा मी त्याचा अर्थ लावते. म्हणजे 5,000 चौरस मीटरचा प्लॉट धरला तर मूळ 1.1 प्रमाणे 5,500, त्याचे 20 टक्के 1,100. आता प्रीमियम (शुल्क भरून मिळणारं जादा बांधकाम), टीडीआर (दुसरीकडच्या जमिनीचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) वगैरे चढून एफएसआय 3 झाला तर एकूण बांधकाम 15,000. त्यात ही घरं शंभराला सातच्या आसपास! 4 झाला तर साडेपाच. इमारत जितकी उंच, तितका गरिबाचा वाटा लहान. मग सार्वजनिक वापराची जमीन कुणासाठी सोडायची?

2020 मध्ये शहरातले 6 मीटरचे 323 रस्ते 9 मीटर करायचा प्रस्ताव आला, तेव्हाही मुळात प्रश्न टीडीआरचाच होता, कारण 9 मीटरपेक्षा कमी रुंदीच्या रस्त्यावर तो वापरता येत नव्हता. तेव्हा आमच्या भागात कुणी नीट वाचलंच नाही.

जाणकारांनी सांगावं: नियमावलीतलं हे प्रमाण एका प्लॉटपुरतं वाढवून मागता येतं का? ही घरं दुसरीकडे बांधून द्यायची मुभा असते म्हणतात, ती इथे नाकारावी अशी मागणी करता येते का? आणि सोसायटीच्या लेटरहेडवर एकच पत्र द्यावं की प्रत्येकाने वेगळं?

प्रतिसाद

ताई, तुमचा हिशोब बरोबर आहे, प्रमाण मूळ एफएसआयवरच धरतात. नियम बदला अशी मागणी या सूचनेत टिकणार नाही. पण कलम 37 च्या फेरबदलाला अंतिम मंजुरी राज्य शासन देतं, आणि ती अटी घालून देता येते. तुमची मागणी तिथे बसते. "मंजुरी द्यायची असल्यास पुढील अटीवर द्यावी" अशी भाषा ठेवा. अट एकच, पण मोजता येईल अशी: एकूण बांधकामाचा अमुक टक्के, याच प्लॉटवर, आणि विक्रीच्या इमारतीआधी किंवा तिच्यासोबत या घरांना भोगवटा (राहायला जाण्याची परवानगी). पाणी आणि रस्ता वेगळ्या परिच्छेदात. फ्लॅटच्या भावाचा विषय अजिबात काढू नका, त्याने बाकीचं पत्र वाया जातं.

पत्रं वेगवेगळी द्या, सर्व्हे नंबर आणि सूचनेची तारीख घाला, शिक्क्याची पोच घ्या आणि "सुनावणीला बोलवावे" हे वाक्य विसरू नका. सोसायटीचं पत्र ठरावासह वेगळं.

धागाकर्ती

भोगवट्याची अट डोक्यात आलीच नव्हती, मनापासून आभार! आज रात्री मसुदा लिहून इथेच टाकते. केळेवाडीतल्या एका महिला बचत गटालाही त्यांचं पत्र द्यायला सांगणार आहे. त्यांना भाड्याच्या घराचा पत्ता देऊन हरकत नोंदवता येईल ना? मालकाची संमती लागते का?

प्रतिसाद

काही लागत नाही. कायद्यात हरकत "कोणतीही व्यक्ती" घेऊ शकते. नाव, पत्ता, सही पुरे.