बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा १३ वा अध्याय, म्हणजे रोमकर १३, म्हणजे हिशोब विचारू नका, असं कुठे लिहिलंय?

रास्तापेठी: काल चर्चच्या ग्रुपवर एका बांधवाने टाकलं, "अधिकाऱ्यांविरुद्ध बोलणं म्हणजे देवाविरुद्ध उठणं, रोमकर १३ वाचा." टोमणा कोणाला ते सगळ्यांना कळलंय, रविवारी उपासनेनंतर मी कमिटीला दफनभूमीच्या भिंतीचा हिशोब विचारला ना. अहो ते पत्र लिहिणारा पौल तिथे कर घेणाऱ्या, तलवार बाळगणाऱ्या सरकारबद्दल बोलतोय, आपल्या खजिनदाराकडे कुठली आलीय तलवार?

वडगावशेरीकर: ती पोस्ट माझी, लपवायचं काय त्यात. पौलाने लिहिलं तेव्हा रोमच्या गादीवर जुलमी बादशहा नीरो होता. नीरो! आणि तुम्हाला कमिटी जड जाते. दावीदाने गुहेत त्याच्या जिवावर उठलेल्या शौल राजाच्या झग्याचा नुसता काठ कापला तरी त्याचं मन त्याला खात राहिलं, तुम्ही तर चारचौघांत माईक हिसकावलात.

रास्तापेठी: हिसकावला नाही, तो बंद होता, ठोकून बघत होतो. आणि दावीदाची गोष्ट पूर्ण सांगा की, बाहेर येऊन त्याने तो तुकडा हातात धरून राजालाच विचारलं, माझा गुन्हा काय? मीही पावतीपुस्तक हातात धरूनच विचारलं.

निवृत्त मास्तर: पौलाने हनन्याला चुना लावलेली भिंत म्हटलं, पण तो प्रमुख याजक आहे कळल्यावर माघार घेतली. प्रश्न बरोबर असला तरी भाषा बघावी माणसाने. बाकी रोमकर १३ एवढंच प्रिय असेल तर हेल्मेट घाला आधी. मोटार वाहन कायद्यातलं हेल्मेटचं कलम १२९ पण अधिकाऱ्यांनीच केलंय. रविवारी आवारात चाळीस स्कूटर आणि हेल्मेटं मोजून तीन!

वडगावशेरीकर: मास्तर, हेल्मेटचा काय संबंध? पेठेत दहाच्या स्पीडने चालतात गाड्या.

निवृत्त मास्तर: माझा मेहुणा पण हेच म्हणायचा. मुंढव्याला वाळूवर घसरला, हेल्मेट आरशाला लटकवलेलं. हेल्मेटला ओरखडा नाही, डोक्याला अकरा टाके.

रास्तापेठी: मान आखडते हो त्याने, माझे मणके आधीच

पेठेतली सून: पुण्यात कुठलाही विषय काढा, हेल्मेटवरच येतो 🙏 मुद्द्यावर या. मिसरातल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, सुइणींनी मुलगे मारायचा फारो राजाचा हुकूम ऐकला नाही, येशूचा शिष्य पेत्राने यहुदी न्यायसभेला तोंडावर सांगितलं, माणसांपेक्षा देवाचं ऐकणार. आणि आपल्याच गावात १८९७ च्या प्लेगमध्ये बायकांचे हाल झाले तेव्हा पंडिता रमाबाईंनी इंग्रज सरकारविरुद्ध पेपरात लिहिलं. त्याच साली प्लेगचा अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, बाईंनी पत्र लिहिलं. मान ठेवायचा आणि तोंडही उघडायचं, जमतं की. माझ्या सासूबाईंसमोर मी सोळा वर्षं तेच करतेय.

वडगावशेरीकर: रमाबाईंची बरोबरी करताय का आता या भिंतीशी? रमाबाईंनी निराधार बायकांसाठी अख्खं मुक्ती मिशन चालवलं, इथे भिंतीचे दोन कॉलम उभे करायचे तर पाटी टाकायला कोणी येत नाही.

पेठेतली सून: पाटी टाकायला बोलावलंत कधी? बायकांना फक्त चहाला बोलावता.

निवृत्त मास्तर: बरं पण हेल्मेट?

वडगावशेरीकर: घालतो बाबा घालतो. आणि रास्तापेठी, बुधवारच्या प्रार्थनेनंतर या, बिलं बघायला मिळतील, खजिनदारांशी बोललोय. तुम्ही म्हणता म्हणून नाही, माझंच नाव सगळीकडे झालंय म्हणून. झेरॉक्स मिळणार नाही.

रास्तापेठी: झेरॉक्सचे पैसे मी देतो.