चर्चा: पऱ्हाटीचा, म्हणजे कापूस वेचून उरलेल्या झाडांचा, धूर नेमका कुणाच्या खात्यावर?

काळी माती
"धूर तो धूर, यवतमाळचा असो की न्यूयॉर्कचा. पऱ्हाटी पेटवणाऱ्यानं हवामानावर बोलू नये." कालची ही पोस्ट वाचून डोकं उठलं. पोटासाठी होणारं उत्सर्जन आणि चैनीचं उत्सर्जन एका मापानं मोजू नका, हे राजकीय तत्त्वज्ञ हेन्री शू यांनी १९९३ सालीच मांडलं. त्याआधी १९९१ मध्ये पर्यावरण अभ्यासक अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी दिल्लीतून हाच मुद्दा लावून धरला होता. शिवाय पऱ्हाटी जळताना निघणारा कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनाच्या हिशोबात धरतच नाहीत, कारण झाडानं तो त्याच हंगामात हवेतून घेतलेला असतो. मोजतात तो मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड.

नांगरट
भाऊ, शू अर्धाच सांगताय. त्यांनी वाटणी वापराची केली, माणसांची नाही. गरिबानं केलं म्हणून प्रत्येक धूर पोटाचा होत नाही. चुलीत गेलेली पऱ्हाटी पोटाची, बांधावर पेटवलेली नाही. युरियाचंही तेच. ४५ किलोच्या बॅगेत ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो. त्यातलं साधारण १ टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन उडतं आणि तो वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. बॅगेमागे जवळपास ९० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं झालं, कारखान्यातला धूर वेगळाच. ओल नसताना वरून फेकलेल्या युरियाचा बराच भाग अमोनिया होऊन जातो, पिकाला लागतच नाही. त्यात कुणाचं पोट भरलं?

राखेचं गाव
बॅगा मोजता, मग चंद्रपूरचं २,९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्रही मोजा. कोळसा आमचा, राख आमच्या छपरावर, वीज मुंबई-पुण्याच्या एसीला. अन् शेतीपंपाला रात्रीची पाळी!

कोरडवाहू
ते खरं हाय, पण पऱ्हाटीवरच राहू द्या. लोक काऊन जाळतात? अर्धवट उमललेल्या बोंडात गुलाबी अळी सुप्त बसून राहते. जाळली की तिथंच मरते. श्रेडरनं बारीक करायची तर मोठा ट्रॅक्टर लागतो, अन् दोन एकरासाठी तो येत नाही. चुरा मातीत गाडला तरी उन्हाळ्यात ओल नसते, कुजत नाही. पाऊस पडला की कुजायला लागतो, तेव्हा जमिनीतलं नत्र तोच ओढून घेतो अन् नवं पीक पिवळं पडतं. मग टाका पुन्हा तुमची ९० किलोवाली बॅग!

नांगरट
अळीचं कारण सांगूच नका! फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही जादा वेचणीसाठी राखलेला कापूस, मार्चपर्यंत उभी ठेवायची आणि मग अळी मारायला जाळायचं? डिसेंबरअखेर रान मोकळं केलं तर अळीला पुढचे पाच-सहा महिने खायलाच मिळत नाही. पुढं एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं अळीचे नर पतंग ओढणारे) लावा. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले तरच फवारा. बांधावर पऱ्हाटीचे ढीग रचून ठेवणारे तर पतंग पोसतात. पावसाळा लागला की त्यातूनच ते बाहेर पडतात.

कोरडवाहू
फरदड ओलितवाले ठेवतात, भाऊ. आमच्या रानात डिसेंबरातच झाड वाळून जाते. जादा वेचणी त्यांच्या घरात, अन् त्यांचा पतंग उडून आमच्या बोंडात. फवारणीचा खर्चही आमचाच. हे लावा ना शूच्या हिशोबात.

काळी माती
तो हिशोब शू यांच्या १९९९ च्या लेखात आहे. ज्यानं बिघडवलं त्यानं जास्त भरावं, ज्याची ऐपत मोठी त्यानं जास्त भरावं, आणि ज्याच्याकडे जगण्यापुरतंही नाही त्याच्याकडे मागू नये. तिन्ही कसोट्यांवर बोट एकाच बाजूकडे, श्रीमंतांकडे जातं. ओलिताची फरदड पोटाच्या उत्सर्जनात बसत नाही, एवढं नांगरट यांचं मान्य. पण दोन एकरवाल्याला "जाळू नको" सांगायचं असेल, तर श्रेडरचं भाडं आधी ठेवा आणि मग सांगा. ते भाडं श्रीमंत देशांनी, निदान इथल्या एसीवाल्यांनी द्यायला हवं.

नांगरट
भाड्याचं पटतं. पण न्यूयॉर्कहून पैसे येईपर्यंत फरदड उभी ठेवायची का? ओलितवाल्यांनी आधी डिसेंबर पाळावा. त्याला कुणाचा निधी लागत नाही.

कोरडवाहू
मग हे ओलितवाल्यांच्या बांधावर जाऊन सांगा. आमची पऱ्हाटी तिथवर चुलीत जाईल.